पास झालेला प्रश्न कुणाच्या वाट्याला?

मंडळी, गणपती जवळ आले की आपल्या वस्त्यांमधली युवक मंडळं प्रश्नमंजुषा ठरवतात, आणि बहुतेक ठिकाणी ती एकाच साच्यातली असते. सहा संघ ओळीने बसलेले, प्रश्न एकेकाला, येत नसेल तर ‘पास’. या साच्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. 30 प्रश्न आणि सहा संघ म्हणजे एका संघाला थेट प्रश्न फक्त 5. उरलेले 25 प्रश्न तो संघ दुसऱ्यांची तोंडं बघत बसतो. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरची पोरं मोबाईल काढतात, आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना ज्ञानाची आवड नाही!

त्यात पासचा अन्याय वेगळाच. तिसऱ्या खुर्चीवरचा संघ कच्चा असेल, तर त्याचा प्रत्येक पास आधी चौथ्या संघाच्या ताटात पडतो. चौथा संघ हुशार म्हणून जिंकत नाही, त्याची जागा चांगली असते. पास ठेवायचाच असेल, तर नवा प्रश्न ज्याने शेवटचं बरोबर उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून सुरू करा, आणि अर्ध्या फेऱ्या उजवीकडून, अर्ध्या डावीकडून फिरवा. बझरबद्दल एवढंच सांगतो, त्यात बोटाची परीक्षा होते आणि प्रत्येक संघातला एकच जण खेळतो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रश्न सगळ्यांना एकदम विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या. मग सगळेच्या सगळे प्रश्न प्रत्येक संघाचे होतात.

संघ चार जणांचा असावा. सहाचा केला की दोघं लिहितात, दोघं हो म्हणतात आणि दोघं समोशाची वाट बघतात. मित्रामित्रांचे संघ होऊ देऊ नका. आठवी-नववीतलं एक, कॉलेजातलं एक अशी सरमिसळ चिठ्ठ्यांनी करा. नागपुरात आणखी एक सरमिसळ लागते, ती माध्यमाची. एकाच मंडळात मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं असतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हटलं की एकाला लगेच कळतं, दुसऱ्याला ‘फोटोसिंथेसिस’ म्हणेपर्यंत काहीच नाही. म्हणून प्रश्न एकदा मराठीत आणि लगेच एकदा हिंदीत वाचा. उत्तर कोणत्याही लिपीत चालेल आणि शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

वेळ अशी धरा. दोनदा वाचायला 20 सेकंद आणि लिहायला 40, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. दहा प्रश्नांची फेरी, शेवटी सगळे प्रश्न भरभर पुन्हा वाचायला 2 मिनिटं, तपासणी आणि उत्तरांना 6. एक फेरी 18 मिनिटांत संपते. चार फेऱ्या आणि मध्ये 10 मिनिटांचा चहा धरून दीड तासाच्या आत कार्यक्रम आटोपतो. पाचव्या फेरीचा मोह टाळा.

सामान फार लागत नाही. आठ संघ आणि चार फेऱ्या म्हणजे 32 उत्तरपत्रिका, वर 8 जादा. ए-फोर कागद अर्धा कापला तर 20 कागदांत भागतं. पेनं 12 ठेवा, आठ पुरत नाहीत. प्रश्न प्रोजेक्टरवर दाखवा हवं तर, पण छापील प्रतही हातात असू द्या. वीज गेली की प्रोजेक्टर जातो. चित्रफेरीची चित्रं प्रत्येक संघाला छापून द्या, पडद्यावर मागच्यांना दिसत नाही. समाजभवनाला टिनाचं छत असेल तर पाऊस सुरू झाल्यावर माईकशिवाय एक अक्षर ऐकू येणार नाही, ही भाद्रपदातली गोष्ट आहे, विसरू नका. गाण्याचे तुकडे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, ऐनवेळी नेटवर शोधू नका.

आता खरं काम, म्हणजे प्रश्न. दहातले 3 सगळ्यांना यावेत, 4 अर्ध्या संघांना, 3 एखाद-दुसऱ्यालाच. पहिला प्रश्न सोपाच हवा, आणि शेवटचा सगळ्यात अवघड नको, नाहीतर फेरी पडलेल्या चेहऱ्यांनी संपते. जिंकणारा संघ 40 पैकी तिशीच्या आसपास आणि शेवटचा पंधराच्या वर राहिला, तर कागद जमला असं समजा. खेळणार नसलेल्या दोघांवर प्रश्न आधी घासून पाहा. दोघांनाही प्रश्नच कळला नाही, तर तो काढून टाका.

नुसत्या सनावळीचा प्रश्न संघाचा नसतो. ‘धम्मदीक्षा कधी झाली?’ हे नागपुरातल्या पोराला झोपेतही येतं, आणि नाही आलं तर चौघांत बोलण्यासारखं काही उरत नाही. तोच प्रश्न असा विचारा: 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, त्यानंतर 18 दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, नागपूरचा कोणता मान गेला? आता एक जण राज्यपुनर्रचना आठवेल, दुसरा म्हणेल की भोपाळ राजधानी तेव्हाच झालं, तिसरा जोडणी करेल. उत्तर: राजधानीचा मान. चौघांना कुजबुजायला लावतो तो प्रश्न चांगला.

भांडणं कुठे होतात तेही ठरलेलं आहे. ‘नागपूर कोणत्या प्रांताची राजधानी होतं?’ एक संघ लिहितो मध्य प्रांत व वऱ्हाड, दुसरा लिहितो मध्य प्रदेश. दोघंही बरोबर, कारण 1950 नंतर नाव बदललं. प्रश्नात साल घातलं असतं तर वाद झाला नसता. ‘भारताचा मध्यबिंदू कोणता?’ म्हणून नागपुरातला झिरो माईलचा खांब अपेक्षित धरू नका. मध्य प्रदेशातल्या करौंदीचं नाव सांगणारा हुशार मुलगा निघतोच. ‘राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा तर कायमचा काढून टाका, हॉकीला तसा दर्जा अधिकृतपणे दिलेलाच नाही. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ याला जुन्या पुस्तकात 35 सापडतील, पण 2014 मध्ये पालघर झाल्यापासून ते 36 आहेत. आणि उत्तरांच्या यादीत पर्यायी नावं आधीच लिहून ठेवा: गांधीसागर म्हणजेच शुक्रवारी तलाव, मध्यवर्ती संग्रहालय म्हणजेच अजब बंगला. पंचाला ऐनवेळी विचार करायला लावू नये.

माणसं चार पुरतात: वाचणारा एक, गुण मांडणारे दोन, पंच एक. वाचणाऱ्याने वाद सोडवायचा नाही, तो पंचाचा प्रांत. तपासणीसाठी कागद अदलाबदल करताना अ आणि ब संघांनी एकमेकांचे कागद घेऊ नयेत, कारण मग ‘तू सोड, मी सोडतो’ चालतं. पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, असे गोल फिरवा. बेरीज गुणलेखकांनी पुन्हा करावी, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. अर्धा गुण देऊ नका आणि चुकीला गुण कापू नका. कापले की लाजरी पोरं लिहिणंच सोडतात. हरकत फक्त संघप्रमुखाने, पुढची फेरी सुरू व्हायच्या आत घ्यायची. आपल्या यादीतलंच उत्तर चुकलं असं दिसलं तर तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द.

शेवटच्या फेरीपर्यंत चुरस टिकवायला जोकर ठेवा. प्रत्येक संघाने एकाच फेरीत गुण दुप्पट करायचे, पण फेरी सुरू होण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात ‘जो’ लिहून. नंतर लिहिलेला धरायचा नाही.

बरोबरी झाली तर जवळच्या आकड्याचा प्रश्न घेतात. समृद्धी महामार्गाची लांबी विचाराल, तर दोन्ही संघ 701 लिहून मोकळे होतील आणि तुम्ही जिथे होता तिथेच राहाल. त्यापेक्षा काचेच्या बरणीत हरभरे भरा, आदल्या दिवशी दोघांनी वेगवेगळे मोजा, आणि आकडा बंद पाकिटात पंचाकडे द्या. बरणी लांबून दाखवायची, उचलू द्यायची नाही. एक मिनिट, एक आकडा, जो जवळ तो जिंकला.