दाराची फळी

जानेवारी 1886, ॲम्स्टरडॅम. राजवाड्याला खेटून उभं असलेलं हे 'नवं चर्च'. नावच तेवढं नवं, बांधकाम पंधराव्या शतकातलं. आत मंडळीच्या, म्हणजे या चर्चच्या सभासद-समूहाच्या, कारभाराची खोली आहे आणि तिचं दार बंद आहे. दारापाशी जमलेत ते विद्यापीठात शिकवणारे, घरी रोज पवित्र शास्त्र वाचणारे सभ्य गृहस्थ. करवत चालते, दाराची एक फळी कापून निघते आणि हे गृहस्थ आत शिरतात.

चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नुकतंच या मंडळीतल्या पाळकांसह (धर्मोपदेशकांसह) ऐंशी पदाधिकाऱ्यांना निलंबित केलं होतं. चर्चच्या मालमत्तेवर ताबा कोणाचा, हा वरवरचा वाद. खरा वाद आतला होता : ख्रिस्त मेलेल्यांतून उठला यावर ज्यांचा विश्वास उरला नाही, अशा पाळकांनी धर्मशिक्षण देऊन तयार केलेल्यांना मंडळीत सभासद म्हणून घ्यायचं की नाही? करवत घेऊन आलेल्यांचं उत्तर 'नाही' असं होतं आणि त्यांचे पुढारी होते अब्राहम कायपर, पाळक, पत्रकार आणि पुढे नेदरलँड्सचे पंतप्रधान.

हे कायपर तरुणपणी स्वतःच आधुनिक विचारांचे होते. लायडन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन 1863 साली ते बेस्द नावाच्या खेड्यात पाळक म्हणून गेले. तिथे पीट्ये बाल्टुस नावाची एक गिरणीवाल्याची मुलगी होती. ती यांच्या उपासनेला येईना. पाळकसाहेब स्वतः तिच्या घरी गेले, तर तिने हात मिळवायलाही नकार दिला. फार आग्रह झाल्यावर मिळवला, पण बजावून : माणूस म्हणून मिळवतेय, ख्रिस्तातला भाऊ म्हणून नाही. कायपर रागावून निघून गेले नाहीत, पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात राहिले. विद्यापीठाने जे शिकवलं नव्हतं, ते जुनं, कडक कॅल्विनी (सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांच्या परंपरेतलं) धर्मशास्त्र त्यांना तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या घरात ऐकायला मिळालं. या साध्या माणसांना ते पुढे 'लहान माणसं' म्हणायला लागले. त्यांचं पुढचं सगळं राजकारण या लहान माणसांच्या जोरावर उभं राहिलं.

1872 च्या 1 एप्रिलला त्यांनी दैनिक काढलं, 'द स्टँडार्ड'. तारीख मुद्दाम निवडलेली. बरोबर तीनशे वर्षांपूर्वी, त्याच दिवशी डच बंडखोरांनी ब्रिल हे बंदर स्पॅनिश सत्तेकडून हिसकावून घेतलं होतं. पत्रकाराची नजर त्यांना होतीच. दोन वर्षांत ते खासदारही झाले.

मग आला 1878 चा शाळा कायदा. शाळांच्या इमारती, शिक्षक, सगळ्याचा दर्जा वाढवा, असं उदारमतवादी सरकारने सांगितलं. सरकारी शाळांच्या खर्चाचा वाटा सरकार उचलणार होतं. धार्मिक शाळांनी आपलं आपण बघायचं. म्हणजे मुलांना ख्रिस्ती शाळेत घालणारा शेतकरी दोनदा पैसे भरणार : एकदा कर म्हणून, एकदा फी म्हणून. 'कायद्यावर सही करू नका' अशी विनंती राजाला करणाऱ्या अर्जावर तीन लाखांहून जास्त प्रोटेस्टंटांनी सह्या केल्या. यांतल्या बहुतेकांना मतदानाचा हक्कही नव्हता. राजाने अर्ज घेतला आणि कायद्यावर सही केली.

पुढच्याच वर्षी अँटी-रेव्होल्यूशनरी पक्ष स्थापन झाला, देशातला पहिला संघटित राजकीय पक्ष. विरोध होता तो 1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीला, देवाला बाजूला सारून माणसाच्या इच्छेलाच अंतिम मानणाऱ्या विचाराला.

1880 मध्ये कायपरांनी 'फ्री युनिव्हर्सिटी' उघडली. सरकारपासून मुक्त आणि चर्चच्या सत्तेपासूनही मुक्त. उद्घाटन झालं त्याच नव्या चर्चमध्ये, जिथे पाचेक वर्षांनी करवत चालणार होती. त्या दिवशीचं एक वाक्य आजही जगभरच्या व्यासपीठांवर फिरतं : मानवी जीवनात अंगठ्याएवढ्या रुंदीची जागाही अशी नाही, जिच्याबद्दल ख्रिस्त 'ही माझी' म्हणत नाही.

हे वाक्य एकटं ऐकलं तर धर्मसत्तेची घोषणा वाटते. पण भाषणाचा विषय होता 'आपापल्या क्षेत्रातलं सार्वभौमत्व'. कुटुंब, शाळा, चर्च, विज्ञान, राज्य ही सगळी थेट देवाला जबाबदार. एकाने दुसऱ्याच्या घरात घुसायचं नाही. सगळं ख्रिस्ताचं, म्हणूनच सगळं राज्याचं नाही. माझ्या मते कायपरांचं खरं डोकं इथे दिसतं.

याची किंमतही मोजावी लागली. 1561 ची बेल्जिक विश्वासकबुली म्हणजे डच कॅल्विनपंथीय चर्चच्या श्रद्धेचा लेखी जाहीरनामा. तिचं छत्तिसावं कलम सांगतं की मूर्तिपूजा आणि खोटी उपासना नाहीशी करणं हे राज्यकर्त्यांचं कर्तव्य आहे. 'खोटी उपासना' म्हणजे त्या काळी कॅथलिकांची. आणि कायपर 1901 साली पंतप्रधान झाले ते कॅथलिकांना सोबत घेऊन! अविश्वासणाऱ्यांच्या जगातही देवाची 'सर्वसामान्य कृपा' काम करते, म्हणून त्यांच्यासोबत राज्य चालवता येतं, असं ते मांडत होते. 1905 मध्ये त्यांच्या चर्चच्या सिनोडने (सर्वोच्च धर्मसभेने) त्या कलमातली ती ओळ वगळली. पुराणमतवादी म्हणवणाऱ्यांनी आपल्याच विश्वासकबुलीला कात्री लावली.

सत्तेत मात्र हेच कायपर कठोर निघाले. 1903 च्या रेल्वे संपानंतर त्यांनी रेल्वे कामगारांच्या संपावर बंदी आणली. समाजवाद्यांनी त्या कायद्यांना 'गळफास कायदे' म्हटलं आणि व्यंगचित्रकारांना पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढा मसाला मिळाला.

शाळांचा प्रश्न सुटला 1917 च्या घटनादुरुस्तीत. धार्मिक शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने पैसा मिळू लागला. पुढे प्रोटेस्टंट, कॅथलिक, समाजवादी अशा प्रत्येक गटाची आपली शाळा, आपलं वर्तमानपत्र, आपली कामगार संघटना, आपलं रेडिओ केंद्र. शेजारी राहूनही माणसं जन्मभर एकमेकांच्या जगात डोकावत नसत. वेगळेपणाच्या या विचाराचं सर्वात वाईट रूप दक्षिण आफ्रिकेत दिसलं. तिथल्या काही धर्मशास्त्रज्ञांनी वर्णभेदाच्या समर्थनासाठी कायपरांचा आधार घेतला. कायपर याला अगदी परके नव्हते. 1898 मध्ये प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांत आफ्रिकी लोकांबद्दलची त्यांची हीन भाषा आजही वाचवत नाही. आणि वर्णभेदाविरुद्ध लढताना त्याच कायपरांचं 'अंगठ्याएवढ्या जागेचं' वाक्य दक्षिण आफ्रिकेतले पाळक ॲलन बुसाक यांनीही वापरलं.

पीट्ये बाल्टुस 1914 साली वारली. कायपरांनी आपल्या दैनिकात तिच्याबद्दल कृतज्ञतेने लिहिलं. त्याच वर्षी त्यांचं 'स्त्रीचं मानाचं स्थान' हे पुस्तक आलं. ते स्थान घरात, असं त्यात म्हटलं होतं. मत द्यायचं ते घराच्या कर्त्याने, हीच त्यांच्या पक्षाची भूमिका. पाळकाला धर्मशास्त्र शिकवणारी बाई त्यांना चालली, मतदान करणारी चालली नाही.

डच स्त्रियांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं 1922 मध्ये. तेव्हा कायपरांना जाऊन जवळपास दोन वर्षं झाली होती. त्यांच्याहून कडव्या कॅल्विनपंथीयांचा एस.जी.पी. हा पक्ष 1918 मध्ये स्थापन झाला आणि 1922 पासून आजपर्यंत संसदेत टिकून आहे. स्त्रियांना उमेदवारी नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. 2013 मध्ये पक्षाने नियम बदलला आणि 2014 मध्ये फ्लिसिंगन या बंदराच्या नगरपालिकेत त्यांची पहिली स्त्री निवडून गेली. छत्तिसाव्या कलमातली ती ओळ मात्र त्यांनी अजून कापलेली नाही.