साहेब गेले, फाइल बंद

(दृश्य: डिचोली बसस्टँड, सकाळ. कोर्टाच्या दिशेने जाणारी माणसं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.)

आमच्या गोव्यातल्या डिचोलीत कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस लगेच ओळखू येतो. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत कागद आणि अर्ध्या तासात तीन वेळा चहा. आमचा काका असाच यायचा. जमिनीची केस, आजोबांच्या काळापासूनची. एकदा तो तासाभरातच परत आला, म्हटलं काय झालं, तर म्हणाला, "साहेब बदलले. पुढची तारीख." बस्स. एवढंच.

साहेब म्हणजे न्यायाधीश. बदलले म्हणजे बदली झाली असेल, रजेवर असतील, कोण विचारतंय. पण कधीकधी साहेब वारतात. आणि त्यांच्या नावाला आधीच पैशांची कुजबुज चिकटलेली असेल तर मग काय होतं, ह्या व्हिडिओत आपण तेच बघणार आहोत. गोष्ट गोव्यातली नाही, हैदराबादची आहे, पण ज्या मालावरून ती घडली तो माल आम्हाला चांगलाच माहीत आहे.

(दृश्य: कुळेंचं रेल्वे स्टेशन, मालगाडी.)

लोखंडाची माती. बेळ्ळारी-होस्पेटचा ओर ह्याच लायनीवरून कॅसलरॉक, दूधसागर, कुळें करत मुरगाव बंदरात यायचा. आणि इथला माल, म्हणजे आमच्या डिचोली, सत्तरी, सांग्यातला, तो टिपर ट्रकने जेटीवर आणि तिथून बार्जने मांडवी-झुआरीतून खाली. काकाचा पण एक टिपर होता, लोन काढून घेतलेला. तेव्हा रस्त्यावर चालणं मुश्किल, घरात भांड्यांवर लाल धूळ, पण हातात पैसा होता, म्हणून कोण काय बोलणार. (मीही बोललो नाही, कॉलेजची फी त्याच टिपरने भरली.)

तिकडे बेळ्ळारीच्या सीमेपलीकडे, आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात ओबुळापुरम मायनिंग कंपनीवर बेकायदा उत्खननाची केस झाली. कंपनीचे मालक गाली जनार्दन रेड्डी, कर्नाटकचे माजी मंत्री, ह्यांना सप्टेंबर 2011 मध्ये सीबीआयने उचललं. केस हैदराबादच्या सीबीआय कोर्टात. बेल, म्हणजे जामीन, काय मिळेना. महिने गेले. आणि मे 2012 मध्ये अचानक बेल मिळाली.

आता बेल मिळणं हा गुन्हा नाही, आरोपीचा हक्क आहे तो. पण सीबीआयला कुणकुण लागली होती की ही ऑर्डर विकत घेतलेली आहे. त्यांनी मटेरियल जमवून थेट हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे दिलं, कारण खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशावर कंट्रोल हायकोर्टाचाच, राज्यघटनेचं कलम 235. आमच्याकडेही तसंच, म्हापशाचे असोत की मडगावचे, न्यायाधीशांवर नजर मुंबई हायकोर्टाची. तर हायकोर्टाने महिना संपायच्या आत बेल देणाऱ्या न्यायाधीशाला सस्पेंड केलं, जून महिन्यात एसीबीने, म्हणजे लाचलुचपत खात्याने, त्यांना अटकच केली. बँक लॉकरमधून रोकड निघाली. बेल रद्द झाली. आणि ह्यातली गंमत म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाल्याचं म्हणतात तो माणूस ती बेल मिळूनही बाहेर आलाच नाही, कारण दुसऱ्या मायनिंग केसमध्ये तो बेंगळुरूला कोठडीत होता!

चौकशी पुढे गेली तशी नावं वाढत गेली. एक रिटायर्ड न्यायाधीश, एक आमदार, मधले दलाल. आणि ह्याच सगळ्यात ते कोर्ट आधी सांभाळलेल्या एका न्यायाधीशाचा जबाब आला की ऑफर माझ्याकडे पण आली होती, मी नाही म्हटलं. ह्या माणसावर कोणी व्हिडिओ करत नाही. मीही दोन वाक्यात उरकतोय बघा.

(थोडा पॉज.)

आता ज्यांच्यासाठी हा व्हिडिओ. अटक झालेल्यांमध्ये आणखी एक न्यायाधीश होते. आरोप असा की ह्या व्यवहारात त्यांचा हात होता. सस्पेंड झाले, तुरुंगात गेले, जामिनावर सुटले. आणि मार्च 2013 मध्ये हैदराबादला राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं. नाव मी मुद्दाम घेत नाही, कसं झालं तेही सांगत नाही. घरचे लोक आहेत त्यांचे, आणि कोर्टाने त्यांना कधीच दोषी ठरवलेलं नाही.

हे "कधीच नाही" जरा नीट समजून घ्या, कारण खरी अडचण इथेच आहे. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. वकिली भाषेत केस अ‍ॅबेट झाली. बाकीच्यांवर चालू राहते, पण ह्याचं नाव वगळलं जातं. लोकांना वाटतं अ‍ॅबेट म्हणजे सुटला. नाही हो. सुटला म्हणजे निर्दोष, तसं कोणी म्हटलेलं नाही. दोषी असंही कोणी म्हटलेलं नाही. नुसती फाइल बंद.

आणि कायद्यातली उलटी तऱ्हा ऐका. समजा खालच्या कोर्टाने एखाद्याला दोषी धरलं, तुरुंगवास दिला, त्याने अपील केलं आणि अपील चालू असताना तो मेला. तर त्याची बायको, मुलं, भाऊ-बहीण 30 दिवसांत अर्ज करून कोर्टाच्या परवानगीने ते अपील पुढे चालवू शकतात, त्याचं नाव साफ करायला. जुन्या क्रिमिनल प्रोसीजर कोडचं कलम 394. म्हणजे दोषी ठरून मेलेल्याच्या घरच्यांना एक दार आहे. पण खटला संपायच्या आधीच जो गेला त्याच्या घरच्यांना तेही नाही. लढणार कशाविरुद्ध, निकालच नाही ना! मी हे एका ओळखीच्या वकिलाला विचारलं, तर तो नुसता हसला आणि म्हणाला, "अरे बाबा, मेलेल्याला तारीख कोण देणार."

मग उरते ती कुजबुज. ती अ‍ॅबेट होत नाही. कोर्टाबाहेरच्या गाड्यावर भजीपाव खाताना दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, खाल्ले असणार, म्हणून तर. दुसरी म्हणते, मोठ्यांना वाचवायला ह्याला अडकवला. दोघांकडेही पुरावा शून्य. आणि दोघंही आपापल्या केसमधल्या साहेबांकडे त्या दिवसापासून जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतात, ते नुकसान कुठल्या लॉकरमध्ये सापडायचं?

(दृश्य: धनबाद, सकाळचा रस्ता. ग्राफिक.)

ह्याच्या अगदी उलटी गोष्ट. पुन्हा खाणपट्टाच, फक्त माल कोळसा. झारखंडमधलं धनबाद, 28 जुलै 2021. न्यायाधीश उत्तम आनंद पहाटे जॉगिंगला गेले, रस्ता मोकळा, ते कडेने पळत होते आणि एक ऑटोरिक्षा वळून सरळ त्यांच्यावर आली. सुरुवातीला अपघातच वाटला. पण सीसीटीव्ही फुटेज बाहेर आलं आणि ज्याने बघितलं त्याच्या पोटात गोळा आला. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, आणि बरोबर वर्षाने, 28 जुलै 2022 ला, रिक्षातले दोघं खुनाबद्दल दोषी ठरले. जन्मठेप. तिथे फुटेज होतं म्हणून निकाल लागला, तो एक कॅमेरा नसता तर तेही चहाच्या गाड्यावरच राहिलं असतं.

आता परत आमच्याकडे. हैदराबादला हे सगळं चालू होतं त्याच 2012 मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा गोव्यावरचा रिपोर्ट संसदेत आला, नुकसानीचा आकडा 34,935 कोटी रुपये. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने. काकाचा टिपर अंगणात उभा राहिला तो राहिलाच, लोनचे हप्ते मात्र चालू. त्या वेळी त्याला पेपरात हैदराबादची बातमी मी वाचून दाखवली होती. तो कधी नव्हे तो चिडला. म्हणाला, आम्ही एक ट्रिप जास्त मारली तरी पावती मागतात, आणि ऑर्डरची पावती कोण मागतो?

तिकडची मूळ मायनिंग केस मे 2025 मध्ये निकालाला आली. रेड्डींना 7 वर्षांची शिक्षा झाली, जून महिन्यात हायकोर्टाने ती स्थगित केली, अपील चालू. म्हणजे ज्या केसमधल्या बेलवरून हे घडलं ती केस जिवंत आहे. मेलेल्या न्यायाधीशाबद्दल त्यात कोणी काही ठरवायचं नाही, त्यांच्या फाइलला 2013 नंतर पुढची तारीखच नाही.

(दृश्य: डिचोली. पट्टेवाला कॉरिडॉरमध्ये येऊन नाव पुकारतो.)

काकाची तारीख मात्र आहे, पुढच्या महिन्यात. काका आता नाही. जमिनीची केस वारसांवर चालू राहते, त्यामुळे पिशवी माझ्याकडे आली आहे.