आईची उंची खरंच कमी झालीय का? आधी नीट मोजा

नमस्कार मंडळी. "आईची उंची कमी झालीय, हार्टला धोका आहे का?" हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज त्यावरच बोलते.

वयानुसार उंची थोडी घटतेच. मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होतात, हाडं ठिसूळ होतात, पाठ वाकते. हे माहितीये, पुढे जाऊ. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या २४०६ बायकांची उंची १० ते १३ वर्षांच्या अंतराने दोनदा मोजली होती. २०२१ मध्ये त्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांची उंची २ सेंटिमीटरपेक्षा जास्त घटली, त्यांच्यात पुढे हृदयविकार आणि स्ट्रोकने झालेले मृत्यू जास्त होते. उंची घटल्यामुळे अटॅक येतो, असं मात्र कोणी म्हणत नाहीये. ती फक्त धोक्याची खूण आहे.

आता २ सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या दीड पेराएवढंही नाही, आणि तुम्ही मोजता कसं? संध्याकाळी! अहो, दिवसभरात चकत्या दबून प्रत्येकाची उंची सेंटिमीटरभर कमी होते. विरारहून उभ्याने प्रवास करून आलेल्या बाबांना दारातच टेप लावू नका. सकाळी मोजा, आणि पुढच्या वेळीही सकाळीच.

एका ताईंनी लिहिलं, "सहा महिन्यांत आई वाढली." ताई, अंबाडा सोडला होता का? माझ्या मावशीचं गिरगावात हेच झालं, अंबाड्यासकट मोजली होती.

आणि भिंत! खाली टाइल्सची पट्टी असेल तर टाच पुढे येते, माणूस मागे रेलतो. सपाट दार घ्या. अनवाणी, टाचा टेकलेल्या, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं, दाराला काटकोनात. तीनदा मोजा. वेळ, केस, भिंत, एवढं सांभाळलंत तरच आकड्यावर विश्वास ठेवा.

"बारला लटकलं तर उंची परत येईल का?" नाही, काका. ठिसूळ हाडांत खांदा दुखावून बसाल. त्यापेक्षा शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारा. त्याच अभ्यासात भरपूर हालचाल करणाऱ्या बायकांची उंची कमी घटली होती.

नीट मोजूनही २-३ सेंटिमीटर कमी भरली, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. विम्याच्या मेडिकलचा जुना कागद, ज्यावर उंची लिहिलेली असते, तो घेऊन डॉक्टरकडे जा. हाडांसाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लागेल का ते विचारा आणि त्याच खेपेला बीपी, साखर, कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. पाठीत अचानक कळ आली असेल तर तेही सांगा, मणका दबलेला असू शकतो.