सरकार नावाचा एकच व्यापारी

(दृश्य: कॉटन मार्केट चौक, पहाट. भाजीच्या गाड्या उतरताहेत.)

नाव कॉटन मार्केट. पण नागपूरकराला ते आठवतं भाजीसाठी. या शहराला कापसाने मोठं केलं. त्याच कापसावर पुढे तीस वर्षं एकाच गिऱ्हाईकाची मालकी होती.

व्यापारी मापात मारतो, भाव पाडतो, ही तक्रार खरीच होती. म्हणून 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. कापूस विकायचा तो सरकारलाच. खासगी व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा.

(दृश्य: जुन्या खरेदी केंद्राचं पडकं आवार.)

केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची. शेतकरी रात्री बंडीखालीच झोपायचा, बैलांचा कडबा घरून बांधून आणायचा. सकाळी ग्रेडर मूठभर कापूस उचलणार, दोन बोटांत धागा ओढून पाहणार आणि प्रत सांगणार. नाही पटली तर? व्यापाऱ्याशी वाजलं तर बंडी जुंपून पुढच्या दुकानात जाता येई. इथं पुढचं दुकानच नव्हतं. चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत.

(दृश्य: सावनेरच्या पुढचा रस्ता, रात्र.)

सावनेर मागे पडलं की थोड्याच वेळात मध्य प्रदेश. पलीकडे भाव चढला की इथला कापूस अंधारात तिकडे जाई. तिकडे पडला की परराज्यातला कापूस इथला हमीभाव खायला येई. महाग माल निसटला, स्वस्त माल गळ्यात पडला. योजना तोट्यात जायला आणखी काय लागतं? आणि स्वतःच्या शेतातला कापूस नेणारा माणूस कागदोपत्री तस्कर ठरला. शरद जोशींची शेतकरी संघटना कापूस राज्याबाहेर नेण्यावरच्या या बंदीविरुद्ध, म्हणजे झोनबंदीविरुद्ध, उभी राहिली, ती 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत.

2002 च्या सुमारास मक्तेदारी संपली. भाव पडला की तोच शेतकरी आजही सीसीआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, केंद्रावर रांग लावतो, हे आम्हा खुल्या बाजारवाल्यांनी लपवू नये. पण आता तो रांग सोडून जिनिंगवाल्याकडेही जाऊ शकतो.

बियाण्याचं मात्र तसं नाही. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला मंजुरी नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी तो उघड पेरला. गुन्हे दाखल झाले.

(दृश्य: कृषी केंद्राचं शटर अर्धं खाली. काउंटरखालून एक बिननावाचं पाकीट वर येतं.)