पॉलिशच्या आधी : गिरगावातील लाकडी जिन्यांची दुरुस्ती

(दृश्य : गिरगावातील तीनमजली चाळ. दारातून वर जाणारा अरुंद लाकडी जिना.)

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांत आजही अशा अनेक चाळी उभ्या आहेत, जिथे वरच्या मजल्यावर जाण्याचा एकमेव मार्ग म्हणजे लाकडी जिना. या इमारती बांधल्या गेल्या, त्या काळात ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे येणारे सागवान मुंबईच्या बाजारात सहज मिळत असे आणि तुळयांपासून कठड्याच्या कातीव दांड्यांपर्यंत सगळीकडे तेच वापरले जाई. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी पायऱ्यांच्या मधोमध खळगे पडले, तरी त्यांतल्या बऱ्याच फळ्या अजून भार पेलत आहेत.

अशा जिन्याची दुरुस्ती करायचे ठरले की रहिवासी बहुधा पहिला फोन पॉलिशवाल्याला करतात. गणित चुकते ते इथेच. पॉलिशने जिना देखणा होतो, पण कुजलेले लाकूडही त्याच चकाकीखाली झाकले जाते. म्हणून आधी सुतार आणि त्याने हिरवा कंदील दिला की मग पॉलिशवाला, हा क्रम सोडू नये.

(दृश्य : जिन्याखालची अंधारी जागा. विजेचे मीटर, जुन्या सायकली. मिस्त्री बॅटरी घेऊन वाकून पाहत आहे.)

कारागीर पारखायचा असेल, तर भाव सांगण्यापूर्वी तो जिन्याखाली किती वेळ घालवतो, ते पाहावे. जाणता मिस्त्री आधी खालून पाहतो. पायऱ्या ज्या दोन तिरक्या फळ्यांत बसवलेल्या असतात, त्या भिंतीला टेकतात तिथे ओल आहे का, हे तो तपासतो. पटाशीच्या मुठीने तो प्रत्येक फळी ठोकतो. आवाज भरीव आला तर पुढे सरकतो, पोकळ आला तर पेचकसाचे टोक दाबून पाहतो. टोक सहज आत गेले, तर ती फळी वाचवण्याच्या पलीकडे गेली असे समजावे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून मैद्यासारखा भुसा गळत असेल तर भुंगा. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण जमिनीतून येणारी वाळवी केवळ लाकडावर औषध फासून जात नाही. जमीन आणि भिंतीचे सांधे यांवरही उपचार करावा लागतो. जो माणूस पहिल्या पायरीवर उभा राहून, वर नजर टाकून, एका दमात उक्ता आकडा सांगतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

कठडा डुगडुगत असेल, तर दोष बहुतेक वेळा दांड्यांत नसतो. तो वळणावरच्या मुख्य खांबाच्या बुडाशी असतो. तिथले कुसू, म्हणजे खाचेत बसणारे खांबाचे टोक, झिजते किंवा फरशी धुताना साचलेल्या पाण्याने कुजते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे चार लांब खिळे ठोकणे. खांब दोन महिने स्थिर वाटतो, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगते आणि आधीच कमजोर झालेले कुसू चिरते. सांधा उकलावा, कुजका भाग कापावा, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडावा, पाचर मारून सरसाने घट्ट करावा आणि स्क्रू लागलेच तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. हे काम वेळखाऊ आहे, आणि त्याची मजुरी देताना घासाघीस न केलेली बरी.

झिजलेल्या पायरीवर प्लायवूड ठोकून देण्याचा सोपा मार्ग अनेक ठेकेदार सुचवतात. त्यातला धोका चटकन लक्षात येत नाही. एका पायरीची जाडी वाढली की तिची उंची इतरांपेक्षा वेगळी होते, आणि सवयीने उतरणाऱ्या माणसाचे पाऊल नेमके तिथे चुकते. फळी पुरेशी जाड असेल, तर ती सोडवून उलटी बसवता येते. नाहीतर फक्त पुढची झिजलेली कड कापून तिथे नवी पट्टी सांधता येते. बदली लाकूड म्हणून पाडलेल्या इमारतींतून निघालेले जुने सागवान घेणे उत्तम. नवे घ्यायचे झाल्यास फिकट पिवळसर बाहेरचा भाग, म्हणजे रसकाष्ठ, किती आहे ते पाहावे, कारण कीड आधी तिथेच लागते.

(दृश्य : कठड्यावरून सोलून निघणारे रंगाचे थर, हिरवा, तपकिरी, पुन्हा हिरवा.)

जुन्या कठड्यांवर तैलरंगाचे थरावर थर असतात आणि त्यांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारे नियम 2016 मध्ये झाले. त्याआधीच्या थरांबद्दल सावध राहणेच इष्ट. म्हणून ते कोरडे घासू नयेत. पाणी लावून घासावे, चाळीतली मुले दूर ठेवावीत आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

पॉलिशची निवड मात्र बरीचशी वापरावर ठरते. लाखेचे स्पिरिट पॉलिश सागाचे रेषे सुंदर खुलवते आणि पुन्हा सहज लावता येते, पण सतत पाय पडणाऱ्या पायरीवर ते टिकत नाही. पायऱ्यांना पीयू (पॉलियुरेथेनचे टिकाऊ पॉलिश) आणि कठड्याला लाख, असा मेळ आम्हाला पटतो. पावसाळ्यात लाखेचे काम काढू नये; दमट हवेत पॉलिशवर पांढुरका धुरकटपणा येतो. दिवाळीनंतरचे महिने चांगले. स्पिरिट ज्वालाग्राही असल्यामुळे काम चालू असताना जिन्यात विडी-सिगारेट पूर्ण बंद, आणि खाली विजेचे मीटर असतील तर दुप्पट काळजी.

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत मालक, भाडेकरू आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ यांचे संबंध गुंतागुंतीचे असतात. तेव्हा जिन्याच्या तुळया बदलण्यासारखे मोठे काम असेल, तर सुतार ठरवण्यापूर्वी मंडळाच्या विभागीय कार्यालयात चौकशी करावी. नुसते पॉलिश असेल, तर मालकाला लेखी कळवणे पुरते.

(दृश्य : वहीत उतरवलेले अंदाजपत्रक.)

अंदाजपत्रकात पायऱ्या नगावर, कठडा रनिंग फुटावर आणि पॉलिश चौरस फुटावर वेगवेगळे लिहून घ्यावे. लाकूड कोणते, पॉलिशचे हात किती आणि औषध कोण आणणार, तेही त्यातच यावे. जिना एकच असल्याने एका वेळी एकाआड एक पायरीच रंगवली जाईल, हेही आधीच ठरवावे. नाहीतर वरच्या मजल्यावरच्या आजींना रात्रभर खालीच बसून राहावे लागते. उचल द्यावी, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. शेवटचा हप्ता चुकता करण्यापूर्वी वळणावरच्या खांबाला दोन्ही हातांनी हलवून पाहावे, सगळ्या पायऱ्यांवरून जोडे घालून एकदा चढावे-उतरावे आणि कुठे करकर ऐकू आली, तर मिस्त्रीला तिथल्या तिथे पाचर मारायला सांगावे.