सुगरण आणि घूस: एकाच बांधाचे वाटेकरी

येळ्ळूरच्या शिवारात भात पोटरीत आलंय, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या पोटातच आहे. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी झुलताहेत. नाव सुगरणीचं, पण विणकाम सगळं नराचं.

जरा जवळून बघा. भाताच्या पात्याला तो चोचीनं खाच पाडतो, कड घट्ट धरतो आणि उडतो. पट्टी सरसर सोलत येते. अशा शेकडो खेपा. घरटं अर्धं झालं की पंख फडफडवत चिट-चिट, मग लांब 'ची-ई'. मादी आत शिरून बघते. पसंत पडलं तरच खालची नळी विणायची, नाहीतर ते तसंच लोंबकळत राहतं.

त्याच बांधाच्या पोटात छोटी घूस. सुगरण जेमतेम 25 ग्रॅमची, ही पाव किलोच्या घरातली. पिलांची खोली वेगळी, कोठार वेगळं. सुगरण पावसाळ्यात 2 ते 4 अंडी घालते. घुशीला मात्र ऋतूचं बंधन नाही. गाभण राहिली की साधारण 23 दिवसांत सहा-आठ पिलं.

नुकसानीत फरक इथे पडतो. सुगरण लोंबीतले दाणे टिपते, रोप उभंच राहतं. शिवाय पिलांना अळ्या, नाकतोडे भरवते. घूस खोडच तिरकं कापते, पुढं लोंब्या ओढून कोठारात नेते. पत्र्याचे डबे मात्र बडवले जातात पाखरांवर, कारण ती दिसतात!

घुशीचा बंदोबस्त पोटरीच्या आधी करायचा. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा. सकाळी उकरलेली दिसतील ती चालू. त्यांत दोन-तीन दिवस नुसता भरडा ठेवा. मग 96 भाग भरडा, 2 भाग गोडंतेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड (उंदीर-घुशींचं विष) काठीनं कालवून दर बिळाला 10 ग्रॅम, पुडीतून, आत खोलवर, तोंड बुजवायचं. सवय न लावता थेट विष ठेवलं, तर थोडं चाखून घूस आजारी पडते आणि पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. बांधावर उघडं टाकलं, तर पहाटे ते पाखरंच टिपतात.

बांधही 30 सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. जाड बांधात बीळ करायला तिला आयतीच जागा मिळते.

सुगी झाली की घूस शेजारच्या उसात शिरते. बाभळीवरची घरटी रिकामी होतात, आणि त्यांतल्या एखाद्यात मुनिया बिऱ्हाड थाटते.