पाच मीटर पाण्याचं गणित

[दृश्य: काळोखातला समुद्र, जुनं कृष्णधवल चित्रण]

शनिवार, ३१ जानेवारी १९५३. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत, म्हणजे उत्तर समुद्राला उधाण आहे. त्यात वायव्येकडून वादळ सुटलंय आणि ते सगळं पाणी नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडे रेटतंय. हवामान खात्यानं संध्याकाळी इशारा दिलाय, पण रेडिओ केंद्रं रात्री बंद व्हायची. त्याही रात्री ती नेहमीच्या वेळेला बंद झाली.

उजाडेपर्यंत नैऋत्येकडचे बांध जागोजागी फुटले होते. एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली.

न्यूवरकेर्क गावाजवळ नदीच्या बांधाला भगदाड पडायला लागलं. या बांधामागे देशातला सगळ्यात दाट वस्तीचा सखल मुलूख, लाखो माणसं झोपलेली. नगराध्यक्षानं आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याला हुकूम दिला: तुझी बोट त्या भगदाडात घाल. एव्हेग्रूननं आपली मालवाहू बोट खरंच त्या फटीत आडवी नेऊन बसवली. बोट दरवाजासारखी अडकली आणि बांध टिकला.

इतक्या थोडक्यात वाचल्यावर कुठलंही सरकार एकच प्रश्न विचारतं: बांध किती उंच हवेत?

[दृश्य: हूक व्हान हॉलंड बंदर, पाण्याची पातळी मोजणारी पट्टी]

तीन आठवड्यांच्या आत डेल्टा समिती नेमली गेली. समितीच्या हातात होत्या हूक व्हान हॉलंड इथल्या नोंदी, १८८८ पासूनच्या. म्हणजे जेमतेम पासष्ट वर्षांचा हिशेब. १९५३ च्या त्या रात्री तिथं पाणी प्रमाण पातळीच्या (साधारण सरासरी समुद्रपातळीच्या) ३.८५ मीटर वर गेलं होतं. आणि समितीला हवी होती अशी पातळी, जी दहा हजार वर्षांतून एखाद्याच वेळी ओलांडली जाईल. पासष्ट वर्षांच्या वहीतून दहा हजार वर्षांचा आकडा काढायचा. ऐकायला हे ज्योतिषासारखं वाटतं, आणि शंका घेणाऱ्यांचं फारसं चुकतही नाही.

पण याला आधार आहे. शाळा-कॉलेजात आपण सरासरी शिकतो, घंटेच्या आकाराचा तो वक्र शिकतो. त्या वक्राचा सगळा जीव मधल्या गर्दीत असतो. बांध मात्र सरासरी भरतीनं फुटत नाही. इथं मोजायची असते दरवर्षीची सगळ्यात मोठी भरती, आणि या सगळ्यात मोठ्या आकड्यांचे नियम वेगळे असतात.

ते नियम हाती लागले त्यातला एक धागा समुद्रापासून लांब, मँचेस्टरच्या कापूस संशोधनातून येतो. लिओनार्ड टिपेट तिथं सुतावर काम करत होते. सूत तुटतं ते त्याच्या सगळ्यात कमजोर जागी. बाकीचं सूत कितीही चिवट असो. १९२८ मध्ये टिपेट आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिलं की नमुन्यांतली टोकाची मूल्यं, म्हणजे सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात लहान, एका ठरावीक साच्यात बसत असतील, तर असे साचे फक्त तीनच असू शकतात. १९४३ मध्ये रशियन गणिती ग्नेडेन्को यांनी त्याची चोख सिद्धता दिली.

हे तीन साचे म्हणजे आलेखाच्या शेपटाचे, म्हणजे दुर्मीळ, मोठ्या आकड्यांच्या टोकाचे, तीन स्वभाव. पहिल्या शेपटाला शेवट असतो, त्यापुढे काही नाही. याला वायबुल यांचं नाव मिळालं. धातू आणि काच कुठल्या ताणाला तुटतील, या प्रश्नावर काम करणारे हे स्वीडिश अभियंते. दुसरं शेपूट संपत नाही पण भराभर बारीक होतं: पातळी ठरावीक अंतरानं वाढवा, शक्यता दरवेळी तितक्याच पटीनं घटते. हे गंबेल यांचं. तिसरं, फ्रेंच गणिती फ्रेशे यांचं, जाडजूड आणि लांबलचक. ते इतकं सावकाश बारीक होतं की अशक्य वाटणारी गोष्टही एक दिवस दारात उभी राहते. शेअर बाजार या जातीचा. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. घंटेच्या वक्राला विचारलंत तर असा दिवस विश्वाच्या वयातही येऊ नये.

[दृश्य: एमिल गंबेल यांचं छायाचित्र]

गंबेल यांच्यापाशी जरा थांबू. आपल्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे नाव भेटतं जलविज्ञानाच्या पेपरात, पुराचा आकडा काढण्याच्या सूत्रात. सूत्र पाठ होतं, माणूस राहून जातो. एमिल गंबेल म्युनिकचे, युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्यांनी मोजदाद केली आणि ती १९२२ मध्ये छापली: उजव्यांनी केलेले ३५४ खून, डाव्यांनी केलेले २२. त्या ३५४ पैकी ३२६ खुनांना शिक्षाच झाली नव्हती. हायडेलबर्ग विद्यापीठातून त्यांना काढलं, नाझींनी पुस्तकं जाळली, नागरिकत्व हिरावलं. फ्रान्स आणि तिथून अमेरिका असा प्रवास करत त्यांनी टोकाच्या मूल्यांचं शास्त्र अभियंत्यांच्या हाती दिलं, १९५८ च्या एका जाडजूड ग्रंथातून.

[दृश्य: आलेखाचा कागद, त्यावर ठिपके आणि एक सरळ रेघ]

परत हॉलंडमध्ये. वेमेल्सफेल्डर नावाच्या सरकारी अभियंत्यानं १९३९ मध्येच हूक व्हान हॉलंडच्या भरत्या लॉग पेपरवर, म्हणजे दर दहापटीला सारखंच अंतर देणाऱ्या कागदावर, मांडल्या होत्या आणि ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आले होते. पुरानंतर ॲम्स्टरडॅमचे गणिती दाविद व्हान डान्त्झिग त्या रेघेच्या पुढच्या टोकाकडे वळले. तिथं दिसतं ते असं: पाणी साधारण पाऊण मीटरनं वाढलं की शक्यता दहापटीनं घटते. मग त्यांनी पैशाचा प्रश्न घातला. बांध उंच करावा तसा खर्च वाढतो आणि पुराच्या अपेक्षित नुकसानीची रक्कम घटते. दोन्हींची बेरीज जिथं सगळ्यात कमी, तिथं थांबायचं. मध्य हॉलंडसाठी समितीनं ठरवलेली पातळी होती पाच मीटर, दहा हजार वर्षांतून एकदाची.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. पाच मीटर हा आकडा समुद्रानं सांगितलेला नाही. अर्धा वक्रानं सांगितला, अर्धा देशाच्या तिजोरीनं.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी लोक फसतात, ते इथंच. एकदा पूर आला की शंभर वर्षं निवांत, असा अर्थ लावतात. खरा अर्थ, दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता २६ टक्के होते.

[दृश्य: गंजलेली पाईपलाईन, जवळून]

हेच गणित गंजालाही लागू पडतं. तेलवाहिनीचा पत्रा सरासरी किती झिजला याला फारसा अर्थ नाही. गळती सुरू होते सगळ्यात खोल खड्ड्यातून. म्हणून अभियंते थोडेच तुकडे तपासतात, प्रत्येकातला सर्वांत खोल खड्डा मोजतात आणि न पाहिलेल्या कित्येक किलोमीटरमधल्या सर्वांत खोल खड्ड्याचा अंदाज बांधतात. वाऱ्याचंही तसंच: भारतीय मानकांत मुंबईतल्या बांधकामांसाठी ताशी १५८ किलोमीटर वारा धरलाय, तोही पन्नास वर्षांतून एकदाचा.

मुंबईनं या शास्त्राची कच्ची बाजूही दाखवली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला अवघा ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. कुलाब्याच्या वहीवरून काढलेला वक्र कुर्ल्याच्या माणसाच्या काय कामाचा? आणि गटारं होती ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली.

दुसरी अडचण त्याहून मोठी. हे सगळं गणित गृहीत धरतं की कालचा समुद्र आणि उद्याचा समुद्र एकच आहे. पातळी वाढतेय, त्यामुळे वेमेल्सफेल्डरची रेघच हळूहळू वर सरकतेय.

[दृश्य: मास्लांट अडसराची दोन अजस्र दारं]

वादळात समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून रॉटरडॅमजवळ बांधलेला हा अडसर १९९७ पासून उभा आहे. बंद करायचा की नाही हे संगणक ठरवतो: तीन मीटर पाण्याचा अंदाज आला की दारं मिटतात. वादळामुळे ती आपोआप बंद झाली पहिल्यांदा डिसेंबर २०२३ मध्ये. त्याआधी २०१७ मध्ये डच कायद्यानं निकषच बदलला. आता पाणी किती चढेल एवढंच पाहत नाहीत. बांध खरोखर फुटण्याची आणि माणूस दगावण्याची शक्यता मोजतात. दर बारा वर्षांनी तपासणी, आणि सगळे बांध नव्या हिशेबात बसवायची मुदत २०५०.